हर्षलच्या स्वयंपाकघरात: घरबसल्या केलेली बाथची सफर

मुलाने या वाढदिवसाला साडी आणली नाही, लिंक पाठवली. इंग्लंडमधल्या बाथ नावाच्या गावाची ‘थेट पायी सफर’. तिथे एक बाई मोबाइल हातात धरून गावातून चालणार, मराठीत माहिती सांगणार, आणि आपण इथे नाशकात टीव्हीसमोर बसून बघायचं. मध्येच प्रश्नही विचारायचे. शनिवारी दुपारी दीड-दीड तासाचे तीन भाग, तिन्हींचे मिळून १,८०० रुपये. एका घराला एक लिंक, मग समोर एक माणूस बसो की दहा. आम्ही चौघं बसायचो: मी, आमचे हे, शेजारच्या सुलूताई आणि भजनी मंडळातल्या कुमुदवहिनी. म्हणजे एका दुपारचे माणशी दीडशे पडले. चिवडा-चहा माझा.

कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पहिल्या शनिवारी त्यांनी जे केलं ते लिहायचं तर आहे, पण पुढचे तीनही भाग बघून झाल्यावर रागही बराचसा उतरला आहे. झालं असं की साडेतीनला सुरू होणार म्हणून आम्ही सव्वातीनपासून सतरंजी घालून बसलो. तीन वाजून वीस मिनिटांनी मेल आला, आज सफर रद्द. कारण काही नाही. फोन केला तर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे अकरा मिनिटं ऐकवलं. कुमुदवहिनी हिरावाडीहून रिक्षा करून आल्या होत्या. शेवटी त्या दिवशी आम्ही विष्णुसहस्रनाम म्हटलं आणि उठलो. पुढचा शनिवार मिळाला, पण तो मिळवायला मुलाला तीन मेल करावे लागले.

आता मी हे सगळं कुठल्या नजरेने बघितलं ते सांगते, म्हणजे माझं कौतुक आणि माझ्या तक्रारी किती धरायच्या ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. माझं सासर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. वाड्यात खाली यजमान उतरायचे आणि वर आम्ही. माझं अक्षर बरं म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मामंजींनी वह्या उतरवायला मला बसवलं. लांबट, लाल खारव्यात बांधलेल्या वह्या. कुठल्या गावचे, कुणाचे नातू, कुणाच्या अस्थी घेऊन आले, खाली सही नाहीतर अंगठा. जुनी पानं वाळवीने खाल्ली की नव्या वहीत उतरवायची. वीसेक वर्षं मी हे केलं. वाडा आता नाही, वह्या आहेत. तेव्हा परक्या माणसांच्या येण्या-जाण्यावर जगणारं गाव म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. आणि बाथ तसंच निघालं, अगदी आपल्यासारखं यात्रेचं गाव.

पहिला भाग गरम पाण्याच्या झऱ्याचा. पाणी ४६ अंश सेल्सिअस, दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर, रात्रंदिवस. जवळच्या मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस जमिनीत खोल मुरतो, खाली तापतो आणि भेगेतून वर येतो. गाईडबाईंनी हे नीट समजावलं. आमच्या ह्यांनी लगेच वज्रेश्वरी काढली. बाईंनी तेवढाच धागा धरून ब्लाडडची गोष्ट सांगितली. ब्लाडड हा राजपुत्र. कुष्ठरोग झाला म्हणून राजवाड्यातून बाहेर काढला, डुकरं राखायला लागला. डुकरं गरम चिखलात लोळून बरी होतात हे पाहून हाही लोळला आणि बरा झाला. मग त्या जागी त्याने गाव वसवलं. दंतकथाच, पण अशी कथा नसलेलं तीर्थ मला एक दाखवा.

रोमन लोक आले तेव्हा तिथे सुलिस नावाची स्थानिक देवी होतीच. त्यांनी तिला हलवलं नाही, आपल्या मिनर्व्हाचं नाव तिच्या नावाला जोडलं आणि मोठं देऊळ बांधलं. गावाचं नाव पडलं अक्वे सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. आपल्याकडे गावदेवीला पार्वतीचा अवतार करून घेतात, त्यातलाच प्रकार. सुलूताई म्हणाल्या, ‘म्हणजे भटजी तिथेही पोचले होते तर.’

माझा मात्र जीव रमला तो शापाच्या पत्र्यांत. शिशाच्या पातळ पत्र्यावर खिळ्यासारख्या टोकाने मजकूर कोरायचा, पत्र्याची गुंडाळी करायची आणि देवीच्या कुंडात टाकायची. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. बहुतेक सगळे चोरीचे! आंघोळीला उतरलेल्या माणसाचा झगा गेला, अंगठी गेली, भांडं गेलं. डॉसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. त्याने देवीला सांगितलं आहे की चोराची बुद्धी जावो आणि डोळे जावोत. दोन हातमोज्यांसाठी डोळे! काहींनी तर अक्षरं उलटी लिहिली आहेत. चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की मोकळा, कुणी सुटू नये अशी कायद्याच्या कागदासारखी कलमंही घातली आहेत.

ज्यांनी रामकुंडावर कपडे काठाला ठेवून डुबकी मारली आहे त्यांना डॉसिमेडिस लगेच कळेल. डोकं पाण्यावर आलं की आधी ‘गंगे हर’ आणि लगोलग नजर पिशवीकडे. आमच्या ओसरीवर भर उन्हाळ्यात ओल्या धोतरानिशी येऊन ‘गुरुजी, चपला गेल्या’ म्हणणारे यजमान मी किती पाहिले त्याची गणती नाही. त्यांचे शापही ऐकले आहेत. फरक इतकाच की आपण ते शिशावर लिहून ठेवले नाहीत. आणि नाणी! बाथच्या कुंडात रोमन काळातली बारा हजारांवर नाणी मिळाली. आपल्याकडे दोरीला लोहचुंबक बांधून पोरं संध्याकाळपर्यंत कुंड साफ करतात, दोन हजार वर्षांनी कुणाला काय मिळणार?

इथे माझी पहिली खरी तक्रार. सफर ‘थेट’ म्हणून विकली, पण कुंडाच्या आतलं सगळं आधी चित्रित केलेलं होतं. बाई बाहेर ॲबीच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, फरसबंदी चौकात उभ्या, आणि आत गेलं की जुना व्हिडिओ. हे जाहिरातीत लिहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. व्हिडिओ चांगला होता. मोठ्या कुंडाचं हिरवं पाणी आणि त्यावरची वाफ सुरेख दिसली. पाणी हिरवं का, असं कुमुदवहिनींनी विचारलं. रोमन काळी वर छप्पर होतं, आता ते नाही, ऊन पडतं म्हणून शेवाळं धरतं, असं उत्तर मिळालं. आता तिथे कुणी उतरत नाही. १९७८ मध्ये त्या पाण्यातल्या अमीबाच्या संसर्गाने एक मुलगी गेली आणि आंघोळी बंद झाल्या. गावातल्या झऱ्याच्या गरम पाण्यात लोकांना पुन्हा उतरता आलं ते २००६ साली, नव्या इमारतीत. पिण्याचं पाणी आता खोल बोअरमधून घेतात. पंप रूम म्हणून दिवाणखाना आहे तिथे पेल्याने मिळतं. त्याच्या दर्शनी भागावर ग्रीक अक्षरांत कोरलं आहे, ‘पाणी सर्वांत श्रेष्ठ’. चव कशी, असं विचारलं तर बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘कोमट. खिळे भिजत घातल्यासारखी.’ ही बाई मला तिथेच आवडली.

तीनशे-सव्वातीनशे वर्षांपूर्वी तिथे बायका आणि पुरुष एकाच कुंडात उतरायचे. बायकांच्या अंगात पिवळ्या जाड कापडाचा घोळदार झगा, पाण्यात तो फुगून राहायचा म्हणजे अंगाचा आकार दिसत नसे. आपल्याकडे नऊवारीत आंघोळ करून घाटावर तेच लुगडं दोन टोकं धरून वाळवतात, ते मला आठवलं. आजाऱ्यांना खोलीपासून कुंडापर्यंत बंद डोलीतून न्यायचे, पुढे एक आणि मागे एक भोई.

दुसरा भाग, बो नॅश. या माणसासाठी मी उरलेल्या दोन तक्रारी माफ करीन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून पन्नासेक वर्षं हा बाथचा ‘मास्टर ऑफ सेरिमनीज’, म्हणजे नाच-समारंभांचा कारभारी होता. ना राजा, ना सरदार. जुगारावर जगणारा, काचेच्या कारखानदाराचा वेल्समधला मुलगा. पण गावात कुणी नवं आलं की ॲबीच्या घंटा वाजायच्या, आणि नॅश स्वतः भेटायला जायचा. कोण आलं, कुठल्या घराण्यातलं, कुठे उतरलं, सगळं त्याला ठाऊक. मग घंटा वाजवणारे बक्षिशी मागायला दारात. त्यांच्या मागोमाग गावचे वाजंत्रीवाले खिडकीखाली वाजवायला हजर, त्यांचेही पैसे. मग पंप रूमच्या वहीत नाव लिहायचं, वर्गणी भरायची. नाचाच्या दिवाणखान्याची वेगळी, वाचनालयाची वेगळी.

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. आपल्या बसस्टँडवर ‘कुठले पाव्हणे? आडनाव काय?’ असं विचारत उभे राहणारे आमचेच चुलतभाऊ आठवले. फक्त घंटा नव्हत्या.

नॅशने नियम लिहून भिंतीला लावले होते. तलवारी बाहेर ठेवायच्या. घोड्यावरचे बूट घालून नाचाला यायचं नाही. एका डचेसने अंगावर पांढरा एप्रन घातला तर हा तिला म्हणाला, एप्रन मोलकरणी घालतात, आणि तो काढायला लावला, असं सांगतात. नाच संध्याकाळी सहाला सुरू, रात्री अकराच्या ठोक्याला बंद. राजकन्या अमेलियाने आणखी एकच नाच मागितला. नॅश म्हणाला, नाही. अकरा म्हणजे अकरा.

पुढे १७३९ आणि १७४५ च्या कायद्यांनी जुगारावर बंधनं आली, आणि नॅशची मिळकत तिथूनच यायची. म्हातारपणी हाल झाले. नगरपालिकेने महिना दहा गिन्या लावून दिल्या. आणि मेल्यावर? मोठी मिरवणूक, वाजंत्री, ॲबीत शिलालेख. जिवंतपणी दहा गिन्या आणि मेल्यावर थाट, यात मला परदेशी असं काही वाटलं नाही.

इमारतींचं सांगायचं तर दगड मधाच्या रंगाचा. आपला काळा पाषाण डोळ्यांत बसलेला, त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटं सगळं गाव नुकतंच रंगवल्यासारखं वाटलं. हा दगड रॅल्फ ॲलन या माणसाच्या खाणींतला. टपालाची व्यवस्था सुधारून पैसा केला, तो त्याने दगडात घातला. आपल्या गावातल्या घराच्या खिडकीतून समोरची टेकडी बोडकी दिसते म्हणून १७६२ मध्ये त्याने तिथे किल्ला बांधला. किल्ला म्हणजे फक्त पुढची भिंत, मागे काही नाही! गणपतीच्या आरासीत थर्मोकोलचा शनिवारवाडा करतात तसा, फक्त दगडाचा. अजून उभा आहे.

सर्कस म्हटल्यावर सुलूताईंनी चष्मा पुसला. पण हत्ती नाही आणि वाघही नाही, सर्कस म्हणजे वाटोळा चौक. तीन कमानदार तुकड्यांत तेहतीस घरं, मध्ये गवत आणि मोठाली झाडं. जॉन वुड याने आखला, १७५४ मध्ये पायाचा दगड बसला आणि काही महिन्यांत तो गेला. मग त्याच नावाच्या मुलाने पुरा केला. खांबांच्या वर पट्टीत ५२५ लहान लहान चित्रं कोरली आहेत: साप, वाद्यं, हत्यारं, एकासारखं एक नाही. छपराच्या कडेला दगडी ओकफळं ओळीने बसवली आहेत, ती ब्लाडडच्या डुकरांच्या आठवणीने, असं म्हणतात. बाईंनी कॅमेरा झूम करून एकेक चित्र दाखवलं. नेटने इथेच दगा दिला. एका सापाचं तोंड चार मिनिटं पडद्यावर गोठून राहिलं. नाग समजून कुमुदवहिनींनी हात जोडले.

तिथून पुढे रॉयल क्रेसेंट. चंद्रकोरीसारखी तीस घरं, ११४ खांब, धाकट्या वुडचं काम, १७६७ ते १७७४. पुढून एकसंध राजवाडा. आणि मग बाईंनी जे केलं त्यासाठी मी त्यांना शंभरपैकी शंभर देते. त्या फिरून मागच्या गल्लीत गेल्या. मागून बघा तर एक भिंत पुढे, एक मागे, कुणाची खिडकी कुठेही, कुणी नंतर मोरी काढलेली, पाइप लोंबतायत. कारण वुडने फक्त दर्शनी भिंतीचा नकाशा ठरवून दिला. त्या भिंतीचा आपल्या वाटणीचा तुकडा घ्यायचा आणि मागे आपल्या सोयीने घर बांधायचं. पुढून ठरलेलं रूप, मागे ज्याचा त्याचा संसार. आमच्या वाड्याला भाऊबंदकीच्या वाटण्या झाल्या तेव्हा नेमकं उलट झालं होतं. पुढचा दरवाजा कुणाचा यावरच सगळं अडलं होतं.

मघाच्या सर्कस चौकात राहून गेलेल्यांची यादी ऐकताना मी वहीच काढली. १७ नंबरात चित्रकार गेन्सबरो. येणाऱ्या बड्या पाहुण्यांची चित्रं काढायची आणि त्यावर जगायचं, म्हणजे फोटोवालाच म्हणा. त्याच चौकात थोरला पिट, जो पंतप्रधान झाला. आणि १४ नंबरात रॉबर्ट क्लाइव्ह. प्लासीचा क्लाइव्ह. आमचे हे पुढे सरकून बसले. १७५७ ला प्लासी, आणि तो पैसा घेऊन परत गेलेला माणूस पोटदुखी घेऊन इथे पाणी प्यायला यायचा. नुसता क्लाइव्हच नाही, ईस्ट इंडिया कंपनीतून गडगंज होऊन परतलेले कित्येक जण या गावात येऊन टेकले, आणि त्यांच्या नावांच्या पाट्या ॲबीच्या भिंतींवर आहेत. साखरेच्या मळ्यांतल्या गुलामांच्या घामाचा पैसाही याच घरांत मुरला आहे, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मधाच्या रंगाच्या दगडाचं कौतुक करून पुढे जाता आलं असतं, त्या गेल्या नाहीत.

मला आमच्याकडचा हिशेब सुचला. सर्कसचं बांधकाम चालू होतं तेव्हा इथे माधवराव पेशव्यांचा काळ, आणि राघोबादादा आपल्या आनंदवल्लीत. आनंदवल्लीवरून रोज सिटी बस जाते, पण कुठलं घर कुणाचं हे दाखवणारा कॅमेरा तिथे कुणी फिरवला असेल तर मी पाहिलेला नाही.

कादंबरीकार जेन ऑस्टिनवर त्यांनी वीस मिनिटं घालवली, मला पाच पुरली असती. पण एक गोष्ट लक्षात राहिली, पत्त्यांची. १८०१ मध्ये वडील, आई, दोघी बहिणी सिडनी प्लेसला चांगल्या घरात आल्या. करार संपला तशा ग्रीन पार्कला, सखल आणि दमट भागात. १८०५ च्या जानेवारीत वडील गेले. मग गे स्ट्रीट, मग ट्रिम स्ट्रीट, प्रत्येक वेळी जागा लहान आणि भाडं कमी. १८०६ मध्ये गाव सोडलं. दोन वर्षांनी बहिणीला पत्र लिहितानाही तिला गाव सुटल्याचा आनंद आठवत होता. आज त्याच गावात तिच्या नावाने उत्सव होतो, लोक टोप्या घालून मिरवतात. गाव कुणाला केव्हा आपलं म्हणेल याचा नेम नाही.

बॉम्बहल्ल्याचं मात्र त्यांनी दोन मिनिटांत उरकलं, ते मला आवडलं नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये लागोपाठ दोन रात्री जर्मन विमानं आली, चारशेवर माणसं गेली. प्रेक्षणीय जुनी गावं निवडून केलेल्या अशा हल्ल्यांना बघण्यासारख्या जागांना तारे देणाऱ्या एका प्रसिद्ध जर्मन प्रवास-मार्गदर्शिकेवरून नाव पडलं, बेडेकर हल्ले. ‘लोणच्याचे?’ असं सुलूताईंच्या तोंडून गेलं आणि आम्ही हसलो, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. प्रवासाच्या पुस्तकावरून बॉम्ब टाकतात, हे ऐकल्यापासून मी या लेखाच्या शेवटी तारे द्यावेत की नाही या विचारात आहे.

तिसरा भाग. यासाठी पैसे वसूल.

आमच्या घरात हर्षल हा शब्द रोजचा. मामंजी पत्रिका करायचे. जुन्या पद्धतीचे असूनही हर्षल-नेपच्यून मांडायचे. ‘सप्तमात हर्षल आहे, मुलगी फटकळ निघेल’, असं माझ्याच पत्रिकेवर त्यांनी म्हटल्याचं सासूबाईंनी मला सांगितलं होतं. हर्षल हे कुणा ऋषीचं नाव असावं अशी माझी समजूत. आमच्या भाच्याचं नावही हर्षल. आणि टीव्हीवर बाई एका अरुंद, उंच, साध्या घरासमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘न्यू किंग स्ट्रीट, घर नंबर १९. इथे विल्यम हर्शेल राहायचा.’

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘अगं, हा आपला हर्षल!’

जर्मनीतल्या हॅनोव्हरचा वाजंत्री. १७६६ मध्ये बाथला आला तो चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायला. दिवसा गाण्याच्या शिकवण्या, रात्री आकाश. हव्या तशा दुर्बिणी विकत मिळेनात म्हणून धातूचे आरसे स्वतः ओतायला आणि घासायला लागला. १३ मार्च १७८१ च्या रात्री याच घरामागच्या बागेतून त्याला एक ठिपका दिसला, ताऱ्यासारखा नव्हे, किंचित पसरट. आधी धूमकेतू वाटला. निघाला ग्रह, युरेनस, ज्याला आपण याच्या नावावरून हर्षल म्हणतो. शनीच्या पलीकडे काही आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी त्याआधी पत्रिका केल्या त्यांनी हर्षलशिवायच केल्या, आणि मुली तेव्हाही फटकळ निघतच होत्या. सूर्याभोवती याची एक फेरी ८४ वर्षांची, म्हणजे आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन उरकून वर दोन-तीन वर्षं. स्वतः हर्शेल ८३ वर्षांचा होऊन गेला.

आता स्वयंपाकघर. (हेही आधी काढलेले फोटोच होते, पण इथे मी तक्रार करणार नाही.) घराच्या तळमजल्यात मागच्या बाजूला स्वयंपाकघर, त्याला लागून भट्टी. १७८१ च्या ऑगस्टमध्ये त्याने तीन फुटी आरसा ओतायला घेतला. साचा कशाचा? घोड्याच्या लिदीचा. ती लीद खलबत्त्यात कुटायची, चाळायची. हे काम बहिणीचं, कॅरोलिनचं. ओतण्याच्या वेळी भट्टीच गळायला लागली, वितळलेला धातू फरशीवर सांडला आणि फरशा तडातड उडाल्या, सगळे जीव घेऊन पळाले. त्या तडकलेल्या फरशा अजून तशाच आहेत. बाईंनी फोटो मोठा करून दाखवला. काळपट दगड, त्यात चिरा, कडेला टवके. मी टीव्हीजवळ जाऊन बघितलं. शेगडी उलटल्यावर कोब्यावर पडतो तसाच डाग.

कॅरोलिन साडेचार फूटही नव्हती, लहानपणच्या तापाने वाढ खुंटली. भाऊ आरसा घासायला बसला की हात सोडता येत नसे, एकदा तर सलग सोळा तास. मग ही त्याला घास भरवायची आणि वाचून दाखवायची. रात्री तो दुर्बिणीशी, ही आकडे उतरवून घ्यायला. दिवसा तेच आकडे स्वच्छ अक्षरात वहीत. ग्रह दिसला त्या रात्री ती तिथे नव्हती, जुन्या घरातलं आवरायला मागे राहिली होती! राजाने भावाला वर्षाला दोनशे पौंड लावले, १७८२ मध्ये दोघं बाथ सोडून गेले. १७८७ पासून तिलाही वर्षाला पन्नास मिळू लागले, आणि तोवर तिने स्वतःचा पहिला धूमकेतू शोधलेला होता. एकूण आठ शोधले.

मी गाईडबाईंना विचारलं, तिचं अक्षर कसं होतं? त्यांनी सांगितलं, बघून सांगते. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी खरोखरच तिच्या हस्तलिखिताच्या एका पानाचा फोटो मुलाच्या फोनवर पाठवला. बारीक, उजवीकडे झुकलेलं, एका रेषेत. या एका गोष्टीसाठी कंपनीला नाही, पण या बाईंना माझा नमस्कार.

हैले सेलासी राहिला शेवटी. इथिओपियाचा सम्राट, देश इटलीने घेतला म्हणून १९३६ ते १९४० बाथमध्ये, फेअरफिल्ड हाऊसमध्ये. नंतर ते घर त्याने गावाला देऊन टाकलं, वृद्धांसाठी. घर गावाबाहेरच्या बाजूला म्हणून तिथे नेलं नाही. वेळ नव्हता म्हणे. ऑस्टिनची पंधरा मिनिटं इथे वळवता आली असती.

घ्यावी का? घ्या. मोबाइलवर बघू नका, टीव्हीला जोडा. नेट धड नसेल तर पैसे वाया. एकट्याने बघण्यात मजा नाही, चार माणसं जमवा. ‘थेट’ या शब्दावर फार विसंबू नका. तारे द्यायचेच तर पाचातले साडेतीन, आणि उरलेल्या दीडातला एक त्या रद्द शनिवारचा.

अर्धा आणखी एका कारणाने कापला. शेवटच्या दिवशी पाच वाजायला सहा मिनिटं असताना बाईंनीच विचारलं, ‘तुमच्या गावात कोण कोण राहून गेलं? मलाही सांगा ना.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फाळक्यांपासून सुरुवात केली, त्र्यंबकला जन्मले आणि १९४४ मध्ये नाशकातच गेले. मग तात्यासाहेब शिरवाडकर. ह्यांनी मध्येच कलेक्टर जॅक्सनचा खून आणि विजयानंद नाट्यगृह घुसवलं, १९०९, अनंत कान्हेरे. ते सांगण्यात दोन मिनिटं गेली. मी म्हटलं, थांबा, मला गोपिकाबाई सांगू द्या. नानासाहेब पेशव्यांची बायको, माधवरावांची आई, शेवटची वर्षं इथे गंगापूरला येऊन राहिली आणि १७८८ मध्ये इथेच गेली, आणि तिच्या बाबतीत आमच्या वाड्यात एक गोष्ट सांगतात की

पाच वाजले. स्क्रीन काळी. वर इंग्रजीत, सफर संपली, धन्यवाद, मत नोंदवा.